बाणाचं टोक

कन्नमवार नगर, फीडर क्रमांक सात.
नकाशा ट्रेसिंग पेपरवर, सन एक्क्याऐंशीचा,
खाली कोपऱ्यात सही: त्र्यं. गो. वायंगणकर, आरेखक.
काय हात होता माणसाचा!
सबस्टेशनपासून शेवटच्या पिलर बॉक्सपर्यंत
एकही रेघ थरथरलेली नाही,
आणि प्रत्येक रेघेवर बारीक काळा बाण,
खाली तोंड केलेला.
वीज वरून येते, खाली जाते.
त्यांना शंका नव्हती.
तेव्हा कुणालाच नव्हती.

मला पुढच्या दहा वर्षांचा आराखडा करायचाय.
रकाने तीन: कमी, मध्यम, जास्त.
किती गच्च्यांवर पॅनेल चढतील,
किती स्कूटरी रात्री साडेअकराला, शेवटचं पार्सल पोचवून,
एकदमच चार्जिंगला लागतील,
किती बॅटऱ्या जिन्याखाली येऊन बसतील
पंक्चर सायकलींच्या शेजारी.
मी आकडे भरते. आकडे खोटे नाहीत,
फक्त अजून घडलेले नाहीत.

इमारत एकशे बाराच्या सेक्रेटरी, कुंदाताई आंगचेकर,
दर सोमवारी फोन करतात.
"दुपारी बारा ते दोन आमचं सौर बंद पडतं.
ऐन उन्हात! हे कसलं शहाणपण?"
मी सांगते, रविवारी कारखाने बंद, एसी अजून लागलेले नाहीत,
तुमची वीज उलटी चढते ट्रान्सफॉर्मरकडे,
टोकाला व्होल्टेज दोनशे चोपन्न होतं,
इन्व्हर्टर स्वतःच मागे सरतो.
"म्हणजे आम्ही जास्त दिलं म्हणून?"
हो ताई. जास्त दिलं म्हणून.
घेणाऱ्याचं भांडं लहान आहे.
"मग मोठं आणा."
तीन शब्द. माझ्या अहवालाची एकशे चाळीस पानं
एवढंच म्हणतात,
फक्त शेवटी खर्चाचा तक्ता जोडून,
आणि रस्ता खोदायची परवानगी कोण, कधी देणार
याबद्दल एक लांबलचक परिशिष्ट.

बुधवारी रझाकभाई परकार आले. केबल जॉइंटर.
नोव्हेंबरात निवृत्त होतात.
त्यांनी नकाशा आडवा धरला, मग उलटा.
"हा जॉइंट इथे नाहीये. त्र्याण्णवला हलवला,
गटाराच्या पलीकडे, त्या उंबराच्या मुळाशी."
माझ्याच पेन्सिलीने फुली मारली.
अशा फुल्या अकरा झाल्या.
वायंगणकरांचा नकाशा आणि जमीन
केव्हाचीच एकमेकांशी बोलत नव्हती.

मग म्हणाले, "मॅडम, एक विचारू?
मी स्विच उघडला, टाळं लावलं,
चावी खिशात टाकली.
लाईन मेली ना?"
मी म्हटलं, पुरवठा गेला की इन्व्हर्टरला कळतं,
दोन सेकंदांत तो बंद होतो.
"प्रत्येक?"
नियमाप्रमाणे, प्रत्येक.
"नियमाप्रमाणे," ते म्हणाले,
आणि डाव्या हाताकडे बघत राहिले.
त्या हाताची करंगळी वाकत नाही.
का, ते मी कधी विचारलेलं नाही.
"आधी एकाच बाजूकडे बघावं लागायचं.
आता वर प्रत्येक गच्चीत एकेक बारकं पॉवरहाऊस.
कुणाकुणाची चावी खिशात टाकू?"

माझ्याकडे तीन रकाने होते.
हा प्रश्न एकातही बसेना.

ते गेल्यावर कपाटातून जुनं ब्लेड काढलं.
ट्रेसिंगवरची शाई खोडली जात नाही,
खरवडावी लागते, श्वास धरून,
वायंगणकर चूक झाल्यावर करत असतील तशी.
त्यांनी क्वचितच केलं असेल.
एका बाणाचं टोक काढलं.
कागद तिथे पातळ झाला.
रेघ उरली. कुठे जायचं ते
आता तासातासाला तिलाच विचारावं लागेल.
बाकीचे बाण राहू दिले,
गुरुवारच्या बैठकीत दाखवायला.

रझाकभाईंसाठी मात्र चौथा रकाना आखला.
त्याला नाव सुचेना. कोराच ठेवला.
आणि पेन्सिलीने, नकाशावर,
सौर असलेल्या प्रत्येक गच्चीखाली
एकेक छोटं टाळं काढत गेले.
एक्केचाळीस झाली.
फोन वाजला. कुंदाताई.
आज तर सोमवारही नाही.
"शेजारच्या एकशे तेरालाही बसवायचंय म्हणतात,
किती दिवस लागतील?"

टोक मोडलं होतं पेन्सिलीचं.
थांबा, म्हटलं, लिहून घेते.